पाणथळीतील चारपानी भाजी



जामनेर तालुक्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम कापूस उभा राहतो. काळी कसदार जमीन, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग, त्या रांगेतून उतरलेली वाघूर आणि तिला येऊन मिळणारी कांग, असा हा मुलूख आहे. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटोपणारा. चैत्र-वैशाखात नदीची पात्रे कोरडी पडतात आणि विहिरी तळ दाखवू लागतात. अशा कोरडवाहू तालुक्यात नेच्यांचा विषय काढणे काहींना अप्रासंगिक वाटेल. नेचा म्हटला की महाबळेश्वर, आंबोली किंवा कोकणातील एखादा ओलाचिंब ओढाच आठवतो. खानदेशाशी नेच्याचे नाते काय, असा प्रश्न त्यामुळे साहजिक होय.

वस्तुतः हे नाते जुने आहे. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींतून, काळ्या पाषाणाच्या फटींतून पावसाळ्यात इवल्याशा ताडपंख्यासारखी हिरवी पाने बाहेर येतात. ती मयूरशिखा. उन्हाळ्यात ती आकसून वाळून जाते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा उलगडते. ओलसर दरडींवर हंसराज दिसतो. वैदूंच्या पिशवीत त्याला मानाची जागा आहे. ही दोन्ही झाडे नेचेच आहेत. परंतु ती औषधाची, ताटातली नव्हेत. ताटात येऊ शकणारा जो नेचा मैदानी प्रदेशात वाढतो, तो याहून वेगळ्या जागी, म्हणजे तळ्याच्या, पाटाच्या आणि भातखाचराच्या काठी, चिखलात पाय रोवून उभा असतो. बहुतेकांनी तो पाहिलेला असतो. मात्र तो नेचा आहे हे क्वचितच कोणाला ठाऊक असते.

वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव मार्सिलिया. इटलीतील निसर्गाभ्यासक काउंट मार्सिल्यी यांच्या नावावरून ते पडले. हिंदी मुलखात त्याला चौपतिया म्हणतात, बंगालमध्ये शुशनी, आणि संस्कृत ग्रंथांतील सुनिषण्णक ते हेच, असे बहुतेक कोशकार मानतात. चरकसंहितेच्या शाकवर्गात सुनिषण्णकाची गणना आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ही वनस्पती रानटी म्हणून टाकून दिलेली नव्हती. वास्तुक, चांगेरी यांच्या पंक्तीला तिला बसविले होते. मराठीत मात्र नावांचा थोडा घोळ आहे. काही निघंटूंमध्ये सुनिषण्णकाच्या पुढे कुरडू असे लिहिलेले आढळते आणि कुरडू ही तर तुऱ्यासारखी फुले येणारी सर्वस्वी निराळी भाजी. हा घोळ लक्षात ठेवावयास हवा, कारण रानभाजीच्या बाबतीत नावाची चूक ही केवळ पुस्तकी चूक राहत नाही. ती पोटात जाते.

ओळख सोपी आहे. चिखलात सरपटत जाणारे बारीक खोड, त्यावरून उभे निघणारे दोऱ्यासारखे देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला अधिक चिन्हासारखी मांडलेली चार पाने. पाणी खोल असेल तर देठ लांबतात आणि पाने पृष्ठभागावर तरंगतात. पाणी ओसरले की तीच पाने आखूड देठांवर ताठ उभी राहतात. लसूणघासाला तीन पाने असतात. आंबुशीलाही तीनच, शिवाय ती चवीला आंबट. येथे पाने चार, आणि चव आंबट नाही. शाळेतील लहान मुलालाही मोजता येईल अशी ही खूण आहे. दुसरी खूण अशी की, या झाडाला फूल कधीच येत नाही. पिवळे, जांभळे, पांढरे, कोणत्याही रंगाचे फूल दिसले तर ते झाड हे नव्हे.

फूल नाही, म्हणून बीही नाही. मग वंश चालतो कसा? येथेच त्याचे नेचेपण उघड होते. नेच्याचे कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि हळूहळू उलगडत जाते. मार्सिलियाचे कोवळे पानही तसेच उलगडते. नेच्यांच्या पानांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके असतात. मार्सिलियाने मात्र हे बीजाणू देठाच्या बुडाशी, मटकीच्या दाण्याएवढ्या कठीण कवचात बंद करून ठेवले आहेत. तळे आटले, चिखल भेगाळला, गुरांनी तुडविला, तरी त्या कवचाच्या आतील जीव सुरक्षित राहतो. वनस्पतिसंग्रहालयांत कित्येक दशके कागदावर चिकटवून ठेवलेल्या नमुन्यांतील दाणेही पाण्यात टाकल्यावर जागे झाल्याचे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. खानदेशासारख्या आठ महिने कोरड्या राहणाऱ्या प्रदेशात नेच्याने तग धरावा तो असा. अवर्षणाशी सामना कसा करावा याचा पाठ या झाडाने माणसाच्या आधीच गिरवून ठेवला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शिक्षकांनी हा दाणा वर्गात अवश्य दाखवावा. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेल्या दाण्याचे टोक खडबडीत दगडावर किंवा कानशीवर किंचित घासावे आणि तो काचेच्या पेल्यात पाण्यात सोडावा. थोड्या वेळाने कवच उकलते आणि आतून चिकट, पारदर्शक अशी एक नळी गांडुळासारखी बाहेर सरकू लागते. तिच्या अंगावर बीजाणूंच्या पिशव्या ओळीने लागलेल्या दिसतात. नेच्याचे जीवनचक्र पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून घोकणाऱ्या मुलाने हे एकदा पाहिले, तर त्याला ते पुन्हा घोकावे लागत नाही.

आता ही भाजी कोठे खाल्ली जाते, ते पाहू. बंगालमध्ये शुशनी शाक आजही बाजारात येते. भाताबरोबर परतून खातात, आणि ती खाल्ल्याने झोप चांगली लागते अशी तेथील घरोघरची समजूत आहे. रात्री या झाडाची चारही पाने मिटतात. कदाचित त्यावरून ही समजूत निघाली असेल. थायलंडात कोवळे शेंडे तोंडी लावतात. इंडोनेशियातील सुरबाया शहराची तर ही ओळखच होऊन बसली आहे. तेथे तिला समंगी म्हणतात. वाफवलेल्या पाल्यावर शेंगदाणे व रताळ्याची दाट चटणी घालून, तांदळाच्या कुरकुरीत पापडासह ती विकणाऱ्या स्त्रिया पाठीवर टोपली बांधून गल्लोगल्ली फिरतात. जकार्ता येथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी बांधलेल्या रस्त्यांच्या एका प्रचंड चौकाला, वरून तो चार पानांसारखा दिसतो म्हणून, समंगी हेच नाव देण्यात आले. एका रानभाजीच्या नावाने राजधानीतील चौक ओळखला जावा, ही गोष्ट आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही.

मार्सिलियाखेरीज इतर नेचेही आशिया खंडात मोठ्या आवडीने खाल्ले जातात. आसामात ढेकिया, हिमाचलात लिंगड, उत्तराखंडात लिंगुडा या नावांनी ओढ्याकाठच्या नेच्यांचे गुंडाळलेले कोवळे कोंब विकावयास येतात. त्यांची भाजी होते, लोणचेही होते. फिलिपाइन्समध्ये तोच कोंब पाको म्हणून आणि मलाया मुलखात पाकू म्हणून ओळखला जातो. तथापि सर्वच नेचे खाण्याजोगे नसतात. डोंगराळ प्रदेशात आढळणारा ब्रॅकन नावाचा नेचा जनावरांनी सतत चरल्यास त्यांच्या रक्तावर आणि मूत्राशयावर घातक परिणाम होतात; त्यातील द्रव्य कर्करोगास कारण ठरते हे सिद्ध झाले आहे. जपानात तो राखेच्या पाण्यात उकळून व भिजवून खाण्याची पद्धत आहे. सारांश, कोंब वाकडा दिसला की तोडून फोडणीस टाकावा, असा हा प्रकार नाही.

या ठिकाणी मार्सिलियाच्याच एका भावंडाची हकीगत सांगणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वैराण प्रदेशात नार्डू नावाची जात वाढते. तेथील मूळ रहिवासी तिचे कठीण दाणे गोळा करून दळत व खात. १८६० च्या ऑगस्ट महिन्यात मेलबर्नहून बर्क आणि विल्स यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी मोहीम उत्तरेकडे निघाली. परतीच्या वाटेवर, १८६१ मध्ये, कूपर्स क्रीक या ओढ्याकाठी त्यांचा शिधा संपला. तेथील यांद्रुवांधा जमातीच्या लोकांनी त्यांना मासे दिले आणि नार्डूच्या पिठाच्या भाकरीही दिल्या. पुढे हे गोरे प्रवासी स्वतःच दाणे गोळा करून दळू लागले. पोटभर खात होते, तरी दिवसेंदिवस त्यांचे हातपाय लुळे पडत चालले. भूक भागते आहे, मात्र अंगातील बळ कमी होत आहे, हे विल्सने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. जूनच्या अखेरीच्या सुमारास दोघेही मरण पावले. त्यांचा सोबती किंग हा मात्र यांद्रुवांधा लोकांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्या हातचे जेवला, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

असे का झाले? नार्डूत थायमिनेज नावाचे एक द्रव्य असते आणि ते शरीरातील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो, हातपाय दुबळे पडतात, हृदय कमकुवत होते. या प्रवाशांच्या मृत्यूमागे हेच कारण असावे, असे प्रतिपादन १९९४ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात करण्यात आले. स्थानिक लोक दाणे भरपूर पाण्याबरोबर वाटून त्याची पातळ खळ करीत, ती निखाऱ्यावर आणि राखेत भाजत, आणि सोबत मासे व इतर पदार्थ खात. पाहुण्यांनी दाणे ओळखले, गोळा करणे शिकून घेतले, दळणेही शिकले. मधली कृती तेवढी त्यांनी सोडून दिली. १९७० च्या दशकात त्याच देशात पुरानंतर नार्डू माजला असता तो चरून मेंढ्या दगावल्याची नोंद आहे. धुळे-नंदुरबारकडील ठेलारी मेंढपाळांनी ही बाब ध्यानी ठेवण्याजोगी आहे. आटत्या तळ्यात दुसरा चारा नसेल आणि केवळ हाच पाला दाट माजलेला असेल, तर कळप तेथे दिवसेंदिवस थांबवू नये.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की शुशनीची भाजी विषारी आहे. बंगालात ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली जात आहे. ती कोवळा पाला म्हणून, शिजवून, जेवणातील एक तोंडीलावणे म्हणून खाल्ली जाते, दाण्याची भाकरी करून तीन त्रिकाळ नव्हे. खानदेशात तर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कळण्याची भाकरी हे मुख्य अन्न; त्यातील धान्याचा कोंडा आणि उडीद ब-१ जीवनसत्त्व पुरवितात. अशा जेवणात हिरवी पालेभाजी म्हणून तिचा अधूनमधून समावेश झाल्यास बिघडत नाही. कच्ची मात्र खाऊ नये. त्यास आणखी एक कारण आहे. ज्या डबक्यात गुरे उतरतात तेथील पाणवनस्पतींच्या पानांवर यकृतातील पर्णकृमीच्या अळ्या चिकटून बसतात. अशी पाने न शिजवता पोटात गेल्यास तो कृमी माणसालाही जडतो. स्वच्छ धुणे पुरेसे नाही. चांगले शिजविणे हाच उपाय होय.

त्याहूनही गंभीर धोका आजच्या काळाचा आहे. ही वनस्पती पाण्यातील क्रोमियम, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून आपल्या अंगात साठविते. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग होईल काय, याचे प्रयोग त्यामुळेच झाले आहेत. जो गुण सांडपाण्याच्या दृष्टीने उपकारक, तोच ताटाच्या दृष्टीने अपायकारक. शहराच्या गटारालगत, कारखान्याच्या नाल्यात किंवा फवारणीचे पंप जेथे धुतले जातात अशा पाटाच्या काठी उगवलेला पाला कितीही टवटवीत दिसला तरी तोडू नये. जामनेर हा कपाशीचा तालुका आहे. बोंडअळीवरील फवारे आणि बांधावरील तणनाशक यांचे पाणी अखेर ओढ्यातच उतरते. पूर्वी बाई निंदणीहून परतताना ओटीत तांदुळजा, घोळ, केना, तरोटा, बांधावरची कर्टुली घेऊन येई. निंदणीची जागा तणनाशकाने घेतली तेव्हा मजुरीबरोबर ही ओटीही गेली. हा हिशेब कोणत्याही कृषी आकडेवारीत मांडला जात नाही.

रानभाज्यांकडे शासनाचे आणि अभ्यासकांचे लक्ष पहिल्यांदा गेले ते दुष्काळामुळे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाची झळ खानदेशास लागली होती. त्यानंतर १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळी लोकांनी खाल्लेल्या वनस्पतींविषयीचे टिपण भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या नोंदींत प्रसिद्ध केले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात, सुकडी आणि मिलो यांची आठवण अनेक वयोवृद्धांच्या मनात ताजी आहे. दुष्काळ सरला की या वनस्पती पुन्हा विस्मृतीत जातात आणि गरिबाचे खाणे म्हणून त्यांची लाज वाटू लागते. अलीकडे चित्र थोडे पालटले आहे. २०२० पासून कृषी विभागामार्फत जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या निमित्ताने राज्यात रानभाजी महोत्सव भरविण्यात येतात. सातपुड्यातील पावरा, भिल्ल, तडवी भगिनी तेथे भाज्या घेऊन येतात आणि शहरातील लोक हौसेने विकत घेतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. तथापि महोत्सवाच्या मेजावर भाजीचे नाव आणि गुणधर्म लिहिलेला फलक असतो; ती कोठून तोडावी, किती वेळ उकळावी, कोणते पाणी ओतून द्यावे, कोणी खाऊ नये, हे सांगणारी म्हातारी मात्र बहुधा घरीच राहिलेली असते. बर्क आणि विल्स यांच्यापाशीही नाव होते आणि दाणे होते.

येथे ग्रामपंचायतींच्या हाती एक साधन आहे व ते कायद्याने दिलेले आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये संमत झाला, महाराष्ट्राचे नियम २००८ मध्ये आले आणि नागपूर येथे मुख्यालय असलेले राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले. या कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अभिप्रेत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तगादा लावल्यानंतर ठिकठिकाणी या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेली नोंदवही कशी असते, हे या सभेतील अनुभवी मंडळींना सांगावयास नको. शेजारच्या गावची यादी उतरवून घेतली की रकाना भरतो. परंतु ज्या गावात तळे नाही त्या गावच्या वहीत कमळ उमलते, आणि ज्या गावाच्या पाझर तलावाकाठी चारपानी नेचा दाट माजला आहे त्या गावच्या वहीत त्याचे नावही नसते.

नोंद करावयाची तर ती जागेवर जाऊन करावी. आषाढ-श्रावणात पाझर तलाव, गावतळी, कालव्याच्या चाऱ्या, वाघूर धरणाच्या फुगवट्याच्या उथळ कडा येथे शिक्षकांनी मुलांसह एक फेरी काढावी. चार पाने असलेला देठ दिसला की तो मुळासकट उपटून, दोन वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवावा आणि सोबत तारीख, जागा व पाण्याची खोली लिहावी. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून, अथवा जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील जाणकारांकडून त्याची जात निश्चित करून घ्यावी, कारण या कुळात दिसावयास सारख्या अशा अनेक जाती आहेत. निश्चिती होईपर्यंत ती भाजी म्हणून कोणास सुचवू नये. त्यानंतर गावातील ज्येष्ठ स्त्रियांना पाला दाखवून विचारावे. त्यांनी नाव सांगितले तर ते त्यांच्याच उच्चारात, अहिराणी असो वा तावडी, जसेच्या तसे उतरावे. त्यास शुद्ध मराठीचा पोशाख चढवू नये. खाल्ल्याचे सांगितले तर कृती विचारावी आणि तीही संपूर्ण लिहावी. कोणी खात नाही असे सर्वांनी सांगितले, तर तेही लिहावे. नकाराची नोंद हीसुद्धा नोंदच होय.

आषाढातील फेरी हुकली तरी वर्ष वाया जात नाही. फाल्गुनात तळे आटून चिखल भेगाळू लागला की त्याच काठावर बसून बोटांनी मातीचा वरचा पापुद्रा सोलावा. वाळलेल्या खोडांच्या दोऱ्यांना लागलेले काळपट, कठीण दाणे त्यात सापडतात. ते कागदाच्या पुडीत बांधून, वर तळ्याचे नाव घालून, शाळेच्या कपाटात ठेवता येतात.